खालचा जॉइंट

अण्णा, आज सकाळी पुन्हा तुमचं खाकरणं ऐकू आलं. मी सिंकखाली डोकं घालून पालथी पडले होते, दातात टॉर्च, हातात पाना. काम बघायला वाकण्याआधी तुम्ही जसं खाकरायचात, अगदी तसंच पाठीमागून आलं. मी सवयीनं सरकले आणि तुम्हाला जागा करून दिली. मग लक्षात आलं की ही केबिन जेमतेम आठ फुटांची आहे, दार मीच आतून लावून घेतलंय आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तरी लगेच मूळ जागी यायचा धीर झाला नाही. बराच वेळ तशीच एका कुशीवर अवघडून पडून राहिले. मान आखडली, ती अजून दुखतेय.

केबिन म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही तिथंच अडून बसाल. छोट्या ट्रकच्या हौद्यात बसवायची ही एक खोली असते. आत एक पलंग, दोन शेगड्या, सिंक, पाण्याची टाकी. ट्रक नको असेल तेव्हा खोली चार पायांवर उतरवून अंगणात उभी करायची. माझी पन्नास वर्षं जुनी आहे. गेल्या वर्षी, २०२०च्या उन्हाळ्यात, इथं परदेशात, नावन गावाच्या पलीकडच्या एका शेतातून आणली. तिथं तिच्यात कोंबड्या राहत होत्या. नवरा म्हणाला, "लॉकडाऊनमध्ये पाच किलोमीटरच्या पुढं गेलं की गार्डा पोलीस हटकतात, आणि तू फिरतं घर आणलंस. शाब्बास!" त्याचं चुकलं नव्हतं. ऑफिस घरात आलं होतं, सांगलीला यायचं तर विमानं बंद होती, आई रोज फोनवर "जेवलीस का" एवढंच विचारत होती. मला काहीतरी हातानं करायचं होतं. निदान मी तसं सगळ्यांना सांगत होते.

खरं कारण वासाचं आहे. शेतात केबिनचं दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि ते खाली दबलं. लाकूड कुजलं होतं. कोंबड्यांच्या घाणीतूनही तो वास वेगळा आला. बंद जागेत महिनोन् महिने मुरलेल्या पाण्याचा. तो वास मी याआधी एकदाच घेतला होता, आपल्या क्वार्टर्समध्ये, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. विकणारा म्हातारा म्हणाला, फ्लोअर थोडं सॉफ्ट आहे, बाकी सगळं ग्रँड आहे. मी घासाघीससुद्धा केली नाही. घरी आणून वरचं लिनोलियम ओढलं तर खालचा प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात आला. खालच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या. सिंकखालचा एक जॉइंट कैक वर्षं थेंब थेंब गळत होता आणि वरून सगळं छान दिसत होतं.

तो दिवस तुम्हाला आठवत असणारच, पण मला माझ्या बाजूनं लिहायचाय. आपला ओटा नवीन होत होता. भिंत फोडून जीआयचा लोखंडी पाइप घातलेला, भिंतीत दोन जॉइंट. वरचा, नळाजवळचा, तुम्ही केलात. खालचा, एल्बोचा, म्हणजे पाइप काटकोनात वळतो तिथला, मी. मी एकोणीस वर्षांची होते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "लई शिकतीस ना, मग हे बी शीक," म्हणत तुम्ही मला समोर बसवलंत. त्या बोळकांडीएवढ्या स्वयंपाकघरात शेजारी बसायला जागाच नव्हती. पाणी झिरपू नये म्हणून तुम्ही एका पाइपच्या आट्यांवर धागा गुंडाळत होतात, वर सफेद्याचं पांढरं लुकण लावत होतात, मी समोर बसून तुमचे हात बघून दुसऱ्या पाइपवर तसंच करत होते. पाणीपुरवठा खात्यातला सगळ्यांत चांगला फिटर माझा बाप आहे हे मला माहीत होतं. मैत्रिणींना मात्र मी "अण्णा ऑफिसात असतात" एवढंच सांगितलं होतं.

तुमची पद्धत अख्ख्या क्वार्टर्सला पाठ होती. जॉइंट झाला की पाणी सोडायचं, जॉइंटभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून दोऱ्यानं बांधायचा आणि एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा निघाला तरच भिंत बुजवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठंतरी मोठी लाइन फुटली आणि तुम्हाला बोलावणं आलं. सायकलवर टांग टाकता टाकता तुम्ही म्हणालात, "दोन्ही पेपर बघ. कोरडे असतील तरच गवंड्याला सांग. नसतील तर राहू दे तसंच, मी आल्यावर बघतो. घाई करू नको." आणि मला घाई होती. दुपारी मैत्रिणी यायच्या होत्या. फोडलेली भिंत, उघडा पाइप, कोपऱ्यात तुमची पान्यांची पेटी, हे त्यांच्या नजरेला पडायला नको होतं. मी दोन्ही पेपर न बघताच ओढून काढले, चुरगळून टाकले आणि गवंड्याला सांगितलं, "कोरडे आहेत. बुजवा." संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "बघितलेस?" मी म्हणाले, "बघितले." तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. माझ्या शब्दावर तुम्ही भिंत बुजलेली मान्य केलीत.

दिवाळीच्या आधी खालच्या काकूंच्या भिंतीत ओल उतरली. फडताळातले लेकीच्या लग्नासाठी जमवलेले शालू, साड्या, काळी बुरशी धरलेल्या. मी हॉस्टेलवरून आले तेव्हा ओटा फोडून झाला होता, पाइप बदलून झाला होता. काकूंच्या घरातला तो वास मी तेव्हा घेतला. तुम्ही चार शेजाऱ्यांसमोर उभे राहून म्हणालात, "वरचा जॉइंट गळाला. माझाच हात चुकला." मग माझ्याकडं वळून, "तुझा बरोबर होता." आणि मला हायसं वाटलं, अण्णा. याचीच मला आजवर सगळ्यांत जास्त लाज वाटते. तुमचा चेहरा पडलेला दिसत होता आणि मला हायसं वाटलं.

त्यानंतर तुम्ही बाहेरचं काम घेणं बंद केलंत. कोणी बोलवायला आलं की म्हणायचात, "आता हात पहिल्यासारखा नाही, दुसरा कोणीतरी बघा." लोकांनी दोन-चारदा आग्रह केला, मग येणं सोडलं. रविवारी सकाळी तुम्ही पेटी उघडायचात, पाने पुसायचात आणि परत ठेवून द्यायचात. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. तेव्हापासून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: तो जॉइंट खरंच तुमचा होता का? तुमचा असेल, तर आपला हात गेला या दुःखात तुम्ही गेलात. माझा असेल आणि तुम्हाला कळलं नसेल, तर न केलेल्या चुकीच्या दुःखात गेलात. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. झोप कुठल्याच बाजूनं लागत नाही.

इथं लाकडाचं काम बरं झालं. हिवाळाभर गॅरेजमध्ये पट्ट्या कापल्या, पाण्याला टिकणारा प्लाय आणला, कडांना तीन हात वॉर्निश दिलं. फळी ठोकून आवाज ऐकायची तुमची खोड मला कधी लागली कळलं नाही, पण प्रत्येक फळीला मी बोटाच्या पेरानं ठोकून बघत होते. मार्चमध्ये पाणी सोडलं. टाकी, पंप, नळ, सगळीकडे नवे पाइप. फक्त सिंकखाली पितळेचा एक जुना एल्बो चांगला होता तो ठेवला. तिथं धागा लावला आणि दारात फुकट येऊन पडणारं इथलं वर्तमानपत्र गुंडाळलं. एक पूर्ण दिवस थांबले. पेपर ओला. सोडवला, पुन्हा केला, पुन्हा ओला. तिसऱ्यांदाही ओला. मी एल्बोला मराठीत अशा शिव्या दिल्या की तुम्ही कानावर हात ठेवले असते.

पलीकडच्या घरातला म्हातारा जन्मभर प्लंबिंग करून आता टोमॅटो वाढवतो. लॉकडाऊनमुळं कुंपणाच्या अलीकडं तो येत नव्हता, पण नजर सारखी इकडं. मी एल्बो आणि पाइप घेऊन त्याच्यासमोर गेले. त्यानं लांबूनच सांगितलं, "काढून दाखव." मी सोडवून दाखवला. "आता नवीन धागा लाव, माझ्यासमोर." मी दोन वेढे घेतले असतील तेवढ्यात तो हसायला लागला. "अगं, उलटा गुंडाळतेस तू! तुझा धागा स्वतःकडं येतोय. तो तुझ्यापासून लांब जायला हवा. असा उलटा घातला की जॉइंट आवळताना आपोआप सुटत जातो, मिशीसारखा बाहेर येतो. हे बघ, आलाच आहे. कुणी शिकवलं तुला?"

"वडिलांनी. ते फिटर होते."

"डावखुरे होते?"

"नाही."

त्यानं दोन्ही हातांनी हवेतच धागा गुंडाळून बघितला. मग म्हणाला, "मग तू त्यांच्या समोर बसून शिकली असशील, शेजारी बसून नाही."

मी तशीच आत आले आणि केबिनच्या पायरीवर बसले. तुमचा धागा तुमच्यापासून लांब जायचा, म्हणजे समोर बसलेल्या माझ्याकडं यायचा. मी जे बघितलं तेच केलं. पाइपचं तोंड तुमच्यासारखंच उजव्या हाताला धरून धागा मात्र माझ्याकडं आणत राहिले. तेव्हाही, आताही. खालचा जॉइंट माझा होता आणि तो गळणारच होता.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. "आई, अण्णांची पान्यांची पेटी आहे का गं अजून?" ती म्हणाली, "आहे की, पलंगाखाली. टाकू देतंय कोण? तुझा दादा विचारत होता भंगारवाल्याला देऊ का, मी न्हाई म्हटलं." तिला पेटी ओढता ओढता धाप लागली, फोन छताकडं वळला, मला नुसता पंखा दिसत राहिला. मग म्हणाली, "ह्यात एक लोखंडाचं काय आहे बघ, पेपरात गुंडाळलेलं. ते म्हणायचे, हे टाकायचं न्हाई. का ते कधी बोलले न्हाईत." तिनं कागद उलगडला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. वीतभर पाइप, त्यावर अर्धा सोडवलेला एल्बो. सफेदा वाळून पिवळा पडलेला. तोंडाशी धाग्याची मिशी, आणि वेढे उलटे.

"काय आहे गं ते?" आईनं विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, जुना जॉइंट आहे. ठेव तसाच."

म्हणजे तुम्हाला भिंत फोडल्या फोडल्या कळलं होतं. तुमच्यासारख्या माणसाला एक वेढा पुरे होता. तरी तुम्ही चारचौघांत माझाच हात चुकला म्हणालात, आणि एकदा म्हणालात म्हणून ते खरं करण्यासाठी पाना खाली ठेवलात. तुमचा हात शेवटपर्यंत चांगला होता. रविवारी पाने पुसत बसायचात तेव्हाही चांगला होता. मला तुमचा राग येतो, अण्णा. मला एक थोबाडीत दिली असतीत, उलटा गुंडाळलास म्हणून ओरडला असतात, तर मी रडले असते, शिकले असते आणि तुम्ही आणखी तीन वर्षं लोकांच्या घरी मान वर करून गेला असतात. असं गप्प राहून तुम्ही मला काय दिलंत ते मला अजून पेलत नाही.

आता एल्बो बरोबर बसलाय. या वेळी तुम्ही शेजारी बसलायत असं समजून गुंडाळला. काल पेपर बांधला होता, आज सकाळी सोडवला, खडखडीत कोरडा. तेव्हाच तुमचं खाकरणं आलं. वरची शेवटची फळी मी अजून ठोकलेली नाही. हे पत्र घडी करून तिच्या खाली ठेवावं असं मनात आलं होतं, पण झाकून टाकायची सवय मला चांगली ठाऊक आहे, म्हणून नको. कुठं पाठवणार, तेही माहीत नाही. टेबलावर उघडंच ठेवते.

एक राहिलं. वर लिहिलंय की दोन्ही पेपर मी न बघता ओढून काढले. नवऱ्यालाही मी हेच सांगत आले. ते खरं नाही. वरचा कोरडा होता. खालचा हाताला गार लागला होता.