डॉक्टरीणबाईंनी विचारलेली एक गोष्ट

ताईस धाकटीचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. धुलाईखान्यात आता मला चादरींच्या इस्त्रीवर घेतलंय. तुझा गुडघा काय म्हणतो?

पाळणा लांबवायचं ते इंजेक्शन मी सोडलं. वजन पाच किलो वाढलं आणि चार महिने पाळीच नाही. नर्स म्हणते, "असं होतंच." होतंच, तर टोचण्याआधी का नाही बोलली? शेजारच्या टेबलावर इस्त्री करणारी त्यासाठी गोळ्या घेते. तिला सुरुवातीला मळमळायचं, पण पाळी वेळेवर येते. म्हणून मीही गोळ्या मागितल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का?" मला वाटलं, हिला कशाला हव्यात आमच्या घरच्या चौकशा? मी ठणकावून नाही म्हटलं. घरी येऊन गोळ्यांच्या पाकिटातला कागद वाचला. तसं असेल तर ही गोळी जिवावर बेतू शकते.

ताई, आई तापाने गेली असं तू सांगतेस. मग तिचा एकच पाय टम्म सुजलेला मला का आठवतो? विचारलं, की तू चहा ठेवायला उठतेस.

गोळी अजून एकही घेतलेली नाही. या वेळी चहा ठेवू नकोस, खरं काय ते लिही.

तुझीच,
धाकटी