तिघांचा तंबू

भिवंडी,
९ डिसेंबर १९९६

प्रिय प्रभाकर,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. बेटावर कोणी काय वाहायचं याची जी वाटणी तू नागपुरात बसून केलीस, तीत माझ्या वाट्याला तवा आला आहे. चांगदेवला तंबू, पंढरीला दोर आणि कंदील, तुला स्वतःला दुर्बीण (बेटावर पाहायचं काय, खेकडे?), आणि तीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला बिडाचा तवा! अमरकोशात त्याला ऋजीष म्हटलं आहे, पण त्यामुळे तो हलका होत नाही. काल सॅकमागे बांधून पाहिला, तर सुमती म्हणाली, "अगदी कूर्मावतार दिसताय. फक्त पृथ्वी तोलायची राहिलीय." चाळीतली पोरं तवा वाजवून पळाली. या विटंबनेची भरपाई म्हणून पहिल्या रात्री वाळूवर चूल पेटवताना फुंकायचं काम तुझं.

बाकी तयारी जोरात आहे. चांगदेवने तंबूसाठी बाहेरून काही आणायचं नाही असं ठरवलंय. कामतघरच्या त्याच्या लूमवरचं जाडं कोरं कापड, त्यावर मेणाचा हात, आणि शिवायला त्याचाच कारागीर. परवा गच्चीवर उभारून दाखवला. लाईट गेली होती, सगळे लूम बंद, आणि त्या शांततेने दचकून आजूबाजूची तान्ही पोरं रडायला लागली. आपल्या गावात पाळणा नाही, खडखडाट झोपवतो. तंबू मात्र अरुंद वाटला. मी म्हटलं, यात चौघे मावणार कसे, एकावर एक? चांगदेव हसला. म्हणाला, "मास्तर, पंढरीशेठनेच माप दिलं. म्हणाला, तिघांचाच शिव, मी बाहेर वाळूत पडेन, मला आत घुसमटतं." आम्ही दोघंही हसलो. पंढरीच्या घोरण्याबद्दल जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तू पंढरीला दोन वर्षांत पाहिलेलं नाहीस. हौसावहिनी गेल्या तेव्हा आलास तेवढाच. तेव्हा तो रडत होता, भांडत होता, डॉक्टरला शिव्या घालत होता, म्हणून आपल्याला वाटलं, चला, मोकळा होतोय. आता तो कुणाला शिव्या देत नाही. वळ गावात त्यांच्या भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली, मुलं त्यातच रमलीत, सुना चांगल्या आहेत, ताट वेळेवर येतं. ओटीवर खुर्ची टाकून हा समोरचे ट्रक बघत बसतो. परवा सून मला हळूच म्हणाली, "मास्तर, मामंजी मासली खात न्हाईत आता. ताटात तशीच ऱ्हाते." खाडीवर वाढलेला माणूस, प्रभाकर! निवटीच्या कालवणासाठी ज्याने माझ्या मुंजीचं जेवण बुडवलं होतं, तो.

म्हणूनच तुझ्या सहलीचं त्याने मनावर घेतलं तेव्हा मला किती बरं वाटलं सांगू. तू गेली पाच-सहा वर्षं हाका मारतोयस आणि आपण सगळे ऐनवेळी पाय काढतोय. या खेपेला तो आपणहून माझ्याकडे आला, स्वच्छ दाढी केलेली, कडक सदरा. म्हणाला, "प्रभ्याला लिव, आवंदा जायाचाच." तू सुचवलेला अलिबागकडचा किनारा त्याने नापसंत केला. तिथे वस्ती, शहाळीवाले, पोरंटोरं. त्याला हवं होतं ते पलीकडचं बेट. विहीर नाही, झोपडी नाही, होडीवाला सोडून जातो आणि सांगितल्या दिवशी न्यायला येतो. स्वतः जाऊन त्याने होडी ठरवली. मी सुमतीला म्हटलं, बघ, समुद्राचं नाव काढलं आणि आगरी गडी जागा झाला.

मधल्या काळात तो दोनदा-तीनदा शाळेत येऊन बसला. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत चहा पिता पिता विचारलं, "मास्तर, कोन पान्यात गेला आन बॉडी गावलीच न्हाय, तर त्याचं कसं करतात रं?" मला वाटलं, खाडीपट्टीतला माणूस, कुणी नात्यातला मासे मारायला जाऊन हरवला असेल. आणि तू मला ओळखतोस. शास्त्रातलं कुणी विचारावं आणि मी थोडक्यात सांगावं, हे या जन्मात घडायचं नाही. मी पालाशविधी समजावला. पळसाच्या पानांचा देह करायचा, डोक्याच्या जागी नारळ, मग त्याला रीतसर अग्नी द्यायचा. तो लक्ष देऊन ऐकत होता, आपल्या वर्गात एकाही गुरुजींचं त्याने इतकं ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, "आन पोरांना थांबायला लागतं का?" मी खुशीत येऊन पुढचं सांगितलं. माणूस नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षं वाट पाहायची, पण जाताना कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर लगेच करता येतं. त्याने कपातला चहा संपवला. "म्हंजे बगनारं कोनतरी पायजे," म्हणाला, आणि उठला. मी वर त्याची थट्टा केली, की आता तुला दक्षिणा द्यावी लागेल. तो हसला.

शनिवारी वळला गेलो तर ओटीवरच्या खुंटीला त्याचं खाडीत फेकायचं जाळं नव्हतं. भाच्याला, दामूला, देऊन टाकलं म्हणे. मी म्हटलं, अरे, बेटावर मासे कशाने धरणार? म्हणाला, "तुमी खाल की भाकर-चटनी." कुत्राही दामूकडे गेला. परतीची होडी कितीला बोलावलीय विचारलं, तर म्हणाला, ते तुमचं तुम्ही बघा.

प्रभाकर, मुद्दा मी तव्यापासून टाळत आलोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल. शाळेचा फोन ऑफिसात, सगळा स्टाफ कान लावून, म्हणून लिहितोय. रोज शाळा सुटली की मी वळला जातो. काल ठरवून गेलो होतो, विचारायचंच. आणि मसाल्याच्या पुड्यांवर बोलून परत आलो. जन्मभर त्याच्याशी चेष्टेतच बोलत आलो, आता खरं बोलायला गेलो की तो आधीच हसायला तयार असतो. मुलांना सांगू का? सुमती म्हणते सांगाच, आणि उद्या मी सांगणार आहे. पण मुलांपुढे तो काहीच कबूल करणार नाही. बेत मोडावा, तर दोन वर्षांत त्याने दाढी केली ती या एकाच गोष्टीसाठी.

तुझं वेगळं आहे. कशेळीच्या खाडीत ओहोटीने तुला ओढलं, तेव्हा केसांना धरून त्याने तुला बाहेर काढलं होतं आणि वर दोन थोबाडीतही ठेवून दिल्या होत्या. तू विचारलंस तर त्याला हसून सुटता येणार नाही. सुट्टीची वाट पाहू नकोस. हे पत्र मिळेल त्या दिवशी निघ आणि माझ्याकडे नको, थेट वळला जा. त्याच्याच घरी उतर, त्याच्याच खोलीत झोप. बेटाचं पुढे बघू. गेलोच तर मोठ्या तंबूत चौघे जाऊ, चांगदेवला मी हा उसवून वाढवायला सांगितलंय.

मला भीती वाटते, प्रभाकर. पंढरीला त्या बेटावरून परत यायचं नाही, आणि पोरांना बारा वर्षं थांबावं लागू नये म्हणून तो आपल्याला सोबत नेतोय. ही वाट त्याला मीच समजावून सांगितली, चहा पिता पिता. आता ती अडवायला मी एकटा पुरणार नाही. ये.

तुझाच, आणि त्याचाही,
श्रीनाथ