झाकलेल्या गाडीचा शेवटचा फोटो

प्रिय प्राजू,

आज मी एकाचं नाक फोडलं. तुझ्या त्या लाडक्या पेजवाल्याचं, रोहितचं. हाताला अजून रक्त आहे, आणि हात धुवायच्या आधी तुला सांगायचं होतं. दुसऱ्या कोणाला सांगू? बाप म्हणेल, कॉलेज सोडलंस, आता माणसं फोडायला लागलास!

आकुर्डीचं कॉलेज मी अर्ध्यात सोडलं तेव्हा सगळे शिव्या घालत होते. तू एकटीच खूश. "बरं झालं, सकाळचा मोकळा झालास. मला तळवड्याच्या पुढे सोडत जा." मग रोज तेच. चाकणच्या रस्त्याला कंपन्यांच्या टेस्टिंगच्या दुचाकी गाड्या निघायच्या, बाजारात न आलेल्या, कोणाला दिसू नयेत म्हणून काळ्या कापडात गुंडाळलेल्या. तू माझ्या बाइकवर मागे बसून माझ्या खांद्यावर कॅमेऱ्याची लेन्स टेकवायचीस. "हलू नकोस रे, ड्रायव्हर!" मी श्वाससुद्धा रोखून धरायचो. माझं सगळं प्रेम तेवढ्यातच, बाई. तुला कधी कळलं का?

संध्याकाळी फोटो रोहितच्या इंटरनेटवरच्या पेजवर. खाली रोहितच्या पुड्या: ही इलेक्ट्रिक आहे, एका चार्जिंगमध्ये मुंबईला जाऊन परत येईल, सूत्रांकडून कळतंय. कसली सूत्रं! टपरीवर वडापाव खाताना आपण दोघांनी केलेला अंदाज. पण लोकांना तेच गोड लागायचं. तीच गाडी उघडी होऊन शोरूममध्ये उभी राहिली की कोणी ढुंकून बघायचं नाही.

आणि ते कौतुक! "काय टिपलंय!" "मॅडम, मानलं!" तू मला मोठ्यानं वाचून दाखवायचीस. मी म्हणायचो, "भारी आलाय." की तुझं तोंड वाकडं. "तू सगळ्यालाच भारी म्हणतोस. तुझं काय धरायचं?" ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याच्या एका अंगठ्यानं तू दिवसभर हसायचीस. तो फोन दगडानं ठेचावा असं वाटायचं मला.

ठेचायला हवा होता. रोहितनं मेसेज टाकला, "पुढचा दिवा दिसत नाही. अजून जवळून हवा." म्हणून त्या दिवशी तू डांबरावर उतरलीस. मी पलीकडे गाडी लावत होतो. समोरून ती झाकलेली गाडी आली आणि तुझ्या पाठीमागून कंटेनर. त्यानं तुला उडवलं नाही, फरपटत नेलं. तो आवाज माझ्या कानातून कसा उपटून काढू?

ती गाडी चालवत होते टेस्टिंगवाले संतोषदादा. त्यांना रस्त्यात थांबायचीही परवानगी नसते. त्यांनी गाडी तिथंच आडवी टाकली, तिच्यावरचं कापड टराटरा फाडलं आणि तुझ्या मांडीला आवळून बांधलं. "पोरी, डोळं मिटू नगं, हिकडं बघ माझ्याकडं!" कापड काळं होतं, तरी रक्त दिसत होतं. मागे ती गाडी पूर्ण उघडी पडली होती. जिच्यासाठी हजारो लोक जीव टाकत होते ती! मी एकदाही बघितली नाही, प्राजू. तिचा रंगसुद्धा सांगता येणार नाही मला.

आज रोहितनं आकुर्डी स्टेशनबाहेर चहाला बोलावलं. मला वाटलं, रडेल. "वाईट झालं राव," म्हणाला, दोन घोट प्यायला, आणि मग, "भावा, कापड निघालं होतं म्हणे. तू बघितलीस ना? दिवा कसा होता? आणि कॅमेऱ्याचं कार्ड तुझ्याकडेच आहे ना? तिच्या नावानं शेवटचा फोटो टाकू. लाखभर लोक कौतुक करतील. तिला आवडलं असतं."

आवडलं असतं! खरं होतं ना, म्हणूनच झोंबलं. गरम चहाचा ग्लास त्याच्या तोंडावर मारला. मग मूठ. तो खाली पडला तरी थांबलो नाही. रिक्षावाले मला मागे ओढत होते, "अरे सोड, मरंल तो!" मरावा असंच वाटत होतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

घरी येऊन पहिल्यांदा कार्ड उघडलं. शेवटच्या फोटोत दादांनी हेल्मेटची काच वर केलीय, एक हात उचललाय, तोंड उघडं. पेजवर गेला असता तर रोहितनं खाली लिहिलं असतं, 'टेस्ट रायडर भडकला.' भडकले नव्हते गं. बाजूला हो म्हणून तुला ओरडत होते.

दहाव्याला आले होते तेव्हा त्यांनी नंबर दिला होता. फोन केला. "कंपनीला सांगितलंय, गाडी पडली अन् कापड फाटलं," म्हणाले. "त्या फोटूत माझं तोंड दिसलं तर तिथं मीच थांबलो, कापड मीच फाडलं हे कळंल, नोकरी ऱ्हायची न्हाई. पर मी कोण सांगणार? पोर तुझी व्हती."

पोर तुझी व्हती! एवढं मला कोणीच म्हटलं नव्हतं. तूसुद्धा नाही.

म्हणून सांगतो, पोलिसांनी सोलून काढलं तरी हा फोटो माझ्याकडून बाहेर जाणार नाही. तुला कौतुक मिळणार नाही. भांड माझ्याशी, हवं तेवढं! आणि इथून पुढे तुला खोटं 'भारी' म्हणणार नाही. फ्रेम वाकडी आलीय, प्राजू. तुला हवा होता तो दिवा पांढरा फटक पडलाय. माणूस मात्र नीट दिसतोय.

तुझा ड्रायव्हर,
ओंक्या