तासाचं दुसरं टोक

माय, तुले जाऊन इतकी वर्षं झाली, अन् परवा कामावर उभा असताना मले दर्यापुराकडचं ते निंदण पुन्हा आठवलं. तुमी बाया पिकाच्या ओळीचा एकेक तास धरून गवत काढत पुढं सरकून राहिल्या, मी धुऱ्याच्या बांधावर बसलेला. तुहा तास सरला की तू टेकत नाही. जी बाई मांगं राहिली तिच्या तासात पल्याडच्या टोकाकून शिरतं, अन् निंदत निंदत तिच्या समोर येतं. त्या दिवशी मांगं राहिली ती आपल्याशी भांडलेली शेजारीण. मी चिडून म्हणतो, "काहून करतं तिचं? ती तुहं करते का?" तू वर न पाहता म्हणतं, "चूप बस रे. एकटं मांगं राह्यलं की ऊन जास्त लागते."

सोयाबीन पिवळं पडून हातचं गेलं त्या साली गावातले पोट्टे पांगले. मी हैदराबादले, पार्सलच्या गोदामात. इथं तासाच्या जागी लोखंडी रॅका, ज्याची त्याले वाटून दिलेली; डबा काढायचा अन् हातातल्या स्कॅनरनं नोंदायचा. मांगं एक दिवस ऑफिसातले एक साहेब येऊन सांगून गेले, की माणूस जंगलात टोळीनं राहे, एकमेकांले धरून राहिले तेच जगले, म्हणून मदत करणं आपल्या रक्तातच आहे. कोणी न सांगता शेजाऱ्याच्या कामाले हात लावत जा. एक जण बोलला, "साहब, टोली में खाना भी साथ खाते होंगे. हमारी तो छुट्टी भी अलग-अलग होती है." सगळे हसले, साहेबही. मले मात्र समोरून येणारी तू दिसली.

दुसऱ्या दिवशी माही रॅक लवकर सरली. बाजूचा ओडिशावाला, चष्म्याचा, माह्याहून मोठा, मांगं पडला होता. मी त्याच्या रॅकच्या दुसऱ्या टोकाकून डबे काढायले लागलो. मधात भेटलो तर तो हसला नाही. "मेरा काम काहे खाया?" माह्या स्कॅनरनं नोंदलेला प्रत्येक डबा माह्या नावावर चढला होता; त्याचा आकडा कमी दिसला, अन् बोलणी त्यानं खाल्ली. मी सुपरवायझरले समजावून पाहिलं. तो म्हणे, मशीन दाखवते तेच काम. माय, तुमच्या तासाले कोणाचं नाव नसे.

आता मी त्याच्या डब्याले हात लावत नाही. माहं सरलं की त्याच्या रॅकच्या त्या टोकाले जाऊन उभा राहतो, त्याचं होईस्तोवर. आधी म्हणे, "जाओ ना भाई." आता म्हणत नाही. मंग गेटापर्यंत संगं जातो, तिथून त्याचा रस्ता वेगळा. त्याले वाटते, मी त्याच्यासाठी थांबतो. हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून खरं लिहितो: खोलीवर कोणी नाही, माय. मीच माह्या तासात मांगं राहिलो, अन् समोरून कोणी येते का ते पाहून राहिलो.