जलद स्नायूचा मंद आलेख

स्फाक्स, मंगळवार

प्रिय वस्सीला,

माझं अक्षर पाहून पाकीट फाडावंसं वाटेल. पण एवढं एकदा वाच.

तुझ्यावर माझा संशय बसला तो हिवाळ्यात. उंदराच्या पायातला जलद स्नायू रेशमी दोऱ्याने बांधून क्षारपाण्यात टांगायचा आणि विजेचे झटके द्यायचे. तो चटकन आखडतो, चटकन सुटतो आणि लवकर दमतो. मंद स्नायू सावकाश ओढतो आणि ओढतच राहतो. तुझे जलद स्नायूंचे आलेख मात्र सकाळी दहा वाजून गेले की हटकून मंदासारखे यायचे. मला वाटलं, तू शेजारचा मंद स्नायू कापून जलद म्हणून खपवतेस.

मग मी तुझ्या पाळतीवरच राहिले. तू टाकलेले स्नायू कचऱ्यातून काढून तपासले, पण ते सुकून गेलेले, काही ठरवता येईना. तू हसून म्हणालीस, “राद्या, नखाएवढा तो स्नायू, मी काय त्याचं कुसकूस करून खाणार आहे?” ते हसणंही मला बनेल वाटलं. आपले प्राध्यापक सी मोन्सेफ म्हणाले, “पुरावा आण, कुजबुज नको.” मी तुझी आलेखांची वहीच त्यांच्यापुढे ठेवली. तू गप्प राहिलीस आणि मी ती कबुली धरली. त्याच दिवशी तुला प्रयोगशाळा सोडावी लागली.

गेल्या आठवड्यात तुझ्या टेबलावर मी काम करत होते. दहाला सवयीने चहाची किटली लावली. तिथे प्लग एकच, म्हणून रोजच्यासारखा स्नायूच्या पाण्याचा हीटर काढला. पाणी गार झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत जलद स्नायू मंदावला. गारठ्यात तो असाच वागतो, हे आपणच पहिल्या वर्षाला शिकवतो. पण तापमान आपण सकाळी एकदाच लिहायचो. त्या चहातला अर्धा तुझ्यासाठी असायचा गं. तरीही माझ्या मनात आधी आलं ते हेच, की तुला हे ठाऊक असून तू मुद्दाम बोलली नसशील. मला माझीच लाज वाटली.

गुरुवारी समिती तुझं नाव संशोधकांच्या यादीतून काढणार आहे. सी मोन्सेफना सांगितलं असतं तर त्यांनी तुला गुपचूप परत घेतलं असतं आणि मला पाठीशी घातलं असतं. म्हणून माझी चूक लिहून, सही करून, गरम आणि गार पाण्यातले दोन्ही आलेख सोबत पाठवते आहे. ते तूच समितीपुढे ठेव. मी दाराबाहेर उभी असेन, बोलावतील तेव्हा आत येईन. येता-जाता माझ्याशी बोलायची गरज नाही.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
राद्या