येतानाच बंद पडणारी गाडी

मंगळवार, एप्रिल. संध्याकाळ.

आज पुन्हा तेच. गंगापूरला दादाच्या विहिरीवर जाताना गाडी झकास पळते. येताना पाण्याचे कॅन मागच्या सीटवर ठेवले की अर्ध्या वाटेत गपकन बंद. उन्हात बराच वेळ उभी ठेवली की आपोआप चालू. जुनी असली तरी फ्युएल इंजेक्शनची गाडी, अशी का वागते? रफिक मेकॅनिकनं फिल्टर बदलला, प्लग बदलले. म्हणतो, "साहेब, माझ्याकडं तर मस्त चालते. मलाच कळंना." त्याच्याकडं रिकामी नेतो, म्हणून? पण वजनानं कुठं इंजिन बंद पडतं?

घरी सुमनचं वेगळंच. निळा कॅन पुन्हा निम्मा आला. "अहो, जाऊबाई मुद्दाम कमी भरतात." तिनं थेट वहिनींना फोन लावला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "मग नका येऊ इथं पाण्याला." लई वाईट वाटलं. इकडं नळाचा तर पत्ता नाही.

निळा कॅन डोक्यातून जाईना. गाडीत ठेवताना चांगला जड होता, उतरवताना हलका. आत्ता जाऊन मागचं सीट उचललं. खाली पाणी! टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणाऱ्या पंपाच्या वायरीचा जोड त्यातच भिजलेला. निळ्या कॅनला बुडाशी बारीक चीर. म्हणजे गाडीचं आणि कॅनचं दुखणं एकच?

पाणी फडक्यानं टिपलं. फेकवेना, मोगऱ्याच्या कुंडीत पिळलं. वायर उद्या वाळेल, गाडीही चालेल.

वहिनींना फोन कुणी करायचा?