पुढे ये, ओळख पटव

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचा! ट्रकने हाडं खिळखिळी केली, पण वर पोचलो आणि सगळा शीण गेला. चौकी असावी तर अशी. दगडी खोल्यांची एक ओळ, पुढे फरशीचं अंगण, चारी बाजूंनी डोक्याहून उंच भिंत आणि बाहेर पडायला एकच लोखंडी फाटक. फाटकापासून कच्चा रस्ता उतारावरून खाली जातो, वळणावर एक मोठा खडक आहे, त्याच्यापुढे धुकं. माझ्या खोलीत शेगडी आहे, कुरकुरणारी खाट आहे आणि खिडकीतून थेट फाटक दिसतं. खुंटीवर आधीच्या साहेबांचा ओव्हरकोट लटकतोय. ते आजारी पडून अचानक खाली गेले म्हणे, सामान पाठवायचं राहिलंय.

ही वही आमच्या हिने दिली. म्हणाली, डोकं तापलं की माणसांवर ओरडू नका, ह्यात लिहा. इतकी वर्षं संसार करूनही बाईला आशा आहे! अहो, ह्या आवाजावर तर आपलं घर चालतं. मैदानाच्या ह्या टोकाला बोललो की त्या टोकाचा माणूस टाच जुळवतो. दुसरं काही कमावलं नसेल, पण आवाज कमावलाय.

माणसं थोडीच आहेत. हवालदार पोट सुटलेला, मिशाळ आणि पक्का होयबा, मी शिंकलो तरी होय साहेब म्हणतो. आचारी चहा फर्मास करतो. वायरलेसवाला दिवसभर कानाला यंत्र लावून बसतो. चार-पाच जवान. त्यांतला एक मोठ्या कानांचा, किडकिडीत, बुटांना आरशासारखं पॉलिश केलेला. त्याला सगळे पाढ्या म्हणतात. का, तर गडी नन्नाचा पाढा वाचतो. मी म्हटलं, बघू या. असले बरेच सरळ केलेत मी.

मंगळवार, ५ तारीख

पहिल्याच दिवशी माशी शिंकली.

दिवेलागणीला पाढ्या फाटकावर पहाऱ्यावर होता. मी खिडकीत चहा घेत होतो. खाली खडकापाशी धुक्यात एक माणूस उभा दिसला. पाढ्यालाही दिसला होता, तो टक लावून तिकडेच बघत होता. पण तोंडातून ब्र नाही!

आता पहारेकऱ्याची तीन वाक्यं भरती झालेल्या पोरालाही झोपेत पाठ असतात. थांब, कोण आहे? पलीकडून उत्तर येतं, आपलाच. मग आपण म्हणायचं, पुढे ये, ओळख पटव. उत्तर आलं की पुढे बोलवावंच लागतं, आपल्या माणसाला बाहेर ताटकळत ठेवता येत नाही. इतकी साधी गोष्ट.

मी ताडताड खाली गेलो आणि त्याला हटकायचा हुकूम दिला. तो शांतपणे नाही साहेब म्हणाला. सगळ्यांच्या देखत! माझा पारा असा चढला की काय ओरडलो ते आठवत नाही. तोवर खडकापाशी कोणी नव्हतं.

तरी मी रीत सोडली नाही. सगळ्यांसमोर पाणउतारा केला की माणूस आणखी हट्टाला पेटतो, हे मला ठाऊक आहे. त्याला खोलीत घेतलं, बसवलं, कारण विचारलं. म्हणाला, साहेब, त्याला विचारलं तर तो उत्तर देतो, आणि उत्तर आलं की तिसरं वाक्य बोलावं लागतं. विचारलंच नाही तर अंधार पडल्यावर निघून जातो. म्हटलं, तो म्हणजे कोण? ते काही सांगता येईना. आधीचे साहेब आजारी वगैरे नव्हते, तिसरं वाक्य बोलले आणि काही दिवसांनी उतारावर चालत गेले, एवढंच सांगितलं. मी पोट धरून हसलो. मग पाठीवर वाळूची गोणी देऊन अंगणात पळवला. पळाला, कुरकुर नाही.

बुधवार, ६ तारीख

आज गोडीगुलाबीने घेतलं. मुलासारखा आहेस म्हटलं, सगळं मातीत घालवू नकोस म्हटलं. पोरगा वाईट नाही, तेच तर दुखतं. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घालतो, आचाऱ्याचं पाणी भरतो, सांगेल ते काम करतो. फक्त हे एक नाही.

दिवेलागणीला पुन्हा त्यालाच उभा केला आणि मागे मी उभा राहिलो. खडकापाशी पुन्हा तोच माणूस. हुकूम दिला. नाही साहेब. पुन्हा दिला. नाही साहेब. आवाज चढवला नाही, नजर खाली घातली नाही. बाकीचे जवान आमच्याकडे बघत होते. आज ह्याचं खपवून घेतलं तर उद्या हवालदारसुद्धा नाही म्हणायला शिकेल.

कोठडीत टाकला. वायरलेसवर मुख्यालयाला कळवलं. शनिवारच्या ट्रकने खाली पाठवा म्हणाले, लष्करी न्यायालय, मग तुरुंग. पाढ्याने एकच मागणं केलं, मावशीला कळवू नका. तिनेच वाढवलंय त्याला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हुकूम म्हणजे हुकूम. रात्रपाळीच्या हजेरीला सगळ्यांना बजावलं, माझा आवाज कानावर पडला की डोकं चालवायचं नाही, पाय चालवायचे.

गुरुवार, ७ तारीख

आज मीच उभा राहिलो फाटकावर. भुताला घाबरणारी फौज घेऊन मी काय करू?

तो आला. मी छाती भरून ओरडलो, थांब, कोण आहे? उत्तर आलं, आपलाच. दमलेला, खर्जातला आवाज. मागे हवालदाराच्या हातून कप पडून फुटला. तो आवाज आधीच्या साहेबांचा होता म्हणे.

मग तर प्रश्नच मिटला! साहेब जिवंत आहेत, बिचारे भटकताहेत. मी तिसरं वाक्य म्हटलं. तो निघाला. काय चाल हो! एक पाऊल चुकलं नाही. निम्म्या उतारावर आल्यावर मी थांब म्हटलं तर जागच्या जागी टाच जुळवून थांबला. इतक्या वर्षांत असा हुकूम पाळणारा माणूस पाहिला नाही. ऊर भरून आला माझा. धुकं दाट होतं, चेहरा दिसेना. कंदील आणायला सांगितला, तो येईपर्यंत उतार रिकामा.

सगळ्यांना म्हटलं, बघितलंत, ह्याला शिस्त म्हणतात. मग मुद्दाम कोठडीपाशी जाऊन पाढ्यालाही ऐकवलं. तो झरोक्याच्या गजांपलीकडे उठून उभा राहिला. तो कुठवर आला, विचारलं त्याने. मी सांगितलं. चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, साहेब, पाया पडतो, उद्यापासून मोठ्याने बोलू नका. तो आवाज शिकतो.

शुक्रवार, ८ तारीख

हवालदार गेला.

सगळं नीट लिहितो. दिवेलागण झाली होती. मी खाटेवर बसून बुटाची नाडी बांधत होतो. फाटकाबाहेरून हाक आली. हवालदार, फाटक उघड, बाहेर ये.

माझा आवाज. माझा! मी तर तोंड उघडलं नव्हतं. आणि अंगणातून हवालदार होय साहेब म्हणाला.

एका पायात बूट घालून धावलो. फाटक सताड उघडं होतं. हवालदार उतारावरून चालला होता, परेडसारखे हात हलवत. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, हवालदार, मागे फिर! तो थांबला. वळून माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. खालून माझाच आवाज आला, पुढे ये. हवालदाराने दोन्ही आवाज ऐकले आणि बिचाऱ्याने चढा आवाज कोणता तो निवडला. मीच शिकवलं होतं. आवाज चढला की पाय चालवायचे.

धुक्यात शिरताना तो होय साहेब म्हणाला, तेवढं ऐकू आलं. फाटक मी लावलं. जवान भिंतीला पाठ लावून उभे होते आणि माझ्याकडेच भीतीने बघत होते.

माझा घसा बसलाय. कुजबुजण्यापुरताच आवाज उरलाय.

शनिवार, ९ तारीख, दुपार

ट्रक आला. आचारी, वायरलेसवाला, जवान, सगळ्यांना चढवलं. ते जाण्यापूर्वी वायरलेसवर घोगऱ्या आवाजात मुख्यालयाला सांगितलं. ते म्हणाले, आरोपीला पाठवा, तुम्हीही खाली या, हा हुकूम आहे.

मी नाही म्हणालो.

सबंध नोकरीत पहिल्यांदा. जीभ अडखळली, पण म्हणालो. आरोपी कोणी नाही, कलम मागे घेतलं, चूक माझी, काय करायचं ते माझं करा. बंद केलं यंत्र.

मी खाली कसा जाऊ? मी त्याला पुढे बोलावलंय. मी जाईन तिथे तो येईल. उद्या माझ्या घराच्या दारात उभा राहील, माझ्याच आवाजात हिला म्हणेल, अगं, दार उघड. ती उघडेल ना! इतकी वर्षं माझीच वाट बघत आलीय ती. नाही. मेलो तरी त्याला तिथवर नेणार नाही.

कोठडी उघडली. पाढ्याला सांगितलं, ट्रकमध्ये बस, मावशीकडे जा. तर गडी काय म्हणाला? नाही साहेब!

हसलो. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. बाबा रे, निदान हा तरी हुकूम पाळ. तो म्हणाला, आधीच्या साहेबांनी त्या संध्याकाळी फाटक उघड म्हटलं तेव्हा मी होय म्हणालो होतो. तेवढं एकदाच. आता नाही.

ट्रक आम्हाला सोडून गेला.

शनिवार, संध्याकाळ

आम्ही दोघं कोठडीत आहोत. दार लोखंडी, हीच खोली मजबूत. आतून कुलूप. किल्ली पाढ्याच्या गळ्यात. मी त्याला शेवटचा हुकूम दिलाय, की ह्यापुढे माझा एकही हुकूम पाळायचा नाही. मी कितीही ओरडलो, रडलो, शपथ घातली तरी. तो मला पहिल्यांदाच होय साहेब म्हणाला.

फाटक वाजतंय. हाक नाही. नुसतं वाजतंय—

फाटकावर आता कोणी पहारेकरी नाही. त्याला कोणी हटकलं नाही, आणि थांब म्हणायलाही कोणी नाही.

बिजागऱ्यांना तेल घातलेलं आहे. उघडलं तरी आवाज व्हायचा नाही.

रविवार

अंगणात पावलं. चाल तीच. उजेड असून धुकं भिंतीच्या आत आलंय.

मला अजिबात आवाज नाही. कुजबुजताही येत नाही. पाढ्या डब्यातलं मटण भरवतो म्हणाला, मी मान हलवून नको म्हटलं. त्याने मावशीच्या गोष्टी सांगितल्या. लहानपणापासूनच असा होता म्हणे, मावशी झोप म्हणाली की जागा राहायचा. शाब्बास माझ्या वाघा.

रविवार, दिवेलागण

दाराबाहेर आहे. बोलला. माझ्या आवाजात, पण ह्या वेळी हटकलं त्याने.

थांब, कोण आहे?

मी तोंडावर हात दाबला. तरी बोटांच्या फटीतून आलं. आपलाच. स्वच्छ, खणखणीत. माझा आवाज परत आलाय पण तो माझा—

तो म्हणाला, पुढे ये, ओळख पटव.

पाय उठले. मी उठवले नाहीत. कोठडीतल्या टेबलाचा पाय धरून ठेवला— पाढ्याने आपल्या पट्ट्याने माझी कंबर बांधली टेबलाला. हात सोडला, लिहायला. हात अजून माझा आहे. तोंड त्याचं.

ऐक, हरामखोरा. तिसरं वाक्य मी बोललो, पण पाऊल मी टाकणार नाही. सगळा जन्म हुकूम दिले आणि पाळले. तुझा नाही पाळणार.

तोंड ओरडतंय. पाढ्या, दार उघड.

पोरगा दाराला पाठ लावून उभा. नाही साहेब.

तोंड म्हणतंय मावशीला तुरुंगात— खोटं आहे पोरा, ऐकू नकोस— तोंड रडतंय, मी मरतोय म्हणतंय, मुलासारखा आहेस म्हणतंय. ते शब्द माझे होते. चोरले त्याने.

नाही साहेब.

दार वाकतंय. पट्टा सुटतोय. बोटं गार, डावा हात गेला. उजवा आहे. पाढ्याने किल्ली तोंडात धरली, गिळली. शाब्बास! असा जवान सबंध फौजेत—

तोंड पुन्हा. उघड. उघड. उघड.

किल्ली घशात, पोराला आता बोलता येईना, मान हलवतोय. नाही. नाही. मीही मान— माझी मान हलते! माझी! नाही म्हण पोरा, अजून एकदा, नाही म्ह—